फुंकणी आणि पंप

बीड जिल्ह्यात 'पंप' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणती वस्तू उभी राहील, हे वर्षातला कोणता महिना चालू आहे त्यावर ठरते. श्रावण-भाद्रपदात कपाशीवर तुडतुडे पडले की पंप म्हणजे पाठीवर बांधायचा फवारणीचा पंप. मार्गशीर्ष लागला, पहाटेचा गारठा वाढला आणि ओसरीवरच्या म्हाताऱ्या माणसांची छाती वाजू लागली, की पंप म्हणजे दम्याचा पंप. 'इन्हेलर' हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधाच्या दुकानापर्यंत जातो आणि तेथेच थांबतो. घराचा उंबरठा ओलांडताना त्या वस्तूचा पंप झालेला असतो. परकी वस्तू आपलीशी करण्याची भाषेची ही रीत मला एरवी आवडते. या एका बाबतीत मात्र शब्दाने घात केला असे माझे मत आहे.

पंपाचे काम ढकलण्याचे. सायकलचा पंप हवा ढकलतो, फवारणीचा पंप विष ढकलतो. माणसाने दांडा दाबला की पुढचे सारे यंत्राकडे. दम्याच्या पंपात दाबणे हे जेमतेम अर्धे काम. उरलेले, आणि अवघड, काम घेणाऱ्याच्या छातीचे आहे. डबी दाबली जाते त्याच क्षणी श्वास आत ओढायला सुरुवात व्हावी लागते, तो सावकाश आणि खोल असावा लागतो, आणि मनातल्या मनात दहा अंक मोजून होईतो धरून ठेवावा लागतो. यातले काही चुकले की औषध जिभेवर, टाळूवर, घशात बसते आणि कडवट चव तेवढी पदरात पडते. गोळी घेणाऱ्याला असे काही शिकावे लागत नाही. सुईपुढे तर रोग्याने फक्त हात पुढे करायचा असतो.

माझी मावशी केज तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय सत्तरीच्या पुढचे. बिडीला तिने जन्मात हात लावला नाही. मिशरी लावायची, तेवढेच व्यसन. पण चौदा-पंधराव्या वर्षापासून ती चुलीपुढे बसली, आणि मधली वीस-बावीस वर्षे दसरा झाला की काकांबरोबर ऊसतोडीला जात राहिली. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात (माणसांची मोजदाद हत्यारावरून करणारा हा शब्द एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे). कारखान्याच्या गावी पाचटाची कोपी, कोपीत तीन दगडांची चूल, जळणाला मिळेल ते ओले-सुके, आणि पहाटे तीनला उठून केलेल्या भाकरी. डॉक्टरांनी तिच्या कागदावर सी.ओ.पी.डी. अशी चार अक्षरे लिहिली. घरच्यांना वाटत होते की हा बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा रोग. कोंडलेल्या जागेतला चुलीचा धूर हेही त्याचे तितकेच मान्य कारण आहे, हे पुढे कळले. घरी २०१६ नंतरच्या उज्ज्वला योजनेतले सिलिंडर आहे. चहा त्यावर होतो. भाकरी अजून चुलीवर.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी दवाखान्यात तिला पहिला पंप मिळाला. तो कसा घ्यायचा हे सांगायला तेथे कोणाला सवड नव्हती. तिने तो दोन महिने इमानाने घेतला आणि दम होता तिथेच राहिला. मी गेलो तेव्हा म्हटले, "मावशी, मला दाखव बरं, कसा घेतेस." तिने डबी हलवली, तोंडाला लावली, गाल फुगवले आणि जोरात फुंकर घातली.

हसण्याजोगे त्यात काहीच नव्हते. तिच्या मागे भिंतीला टेकून हातभर लांबीची लोखंडी फुंकणी उभी होती. नळी तोंडाला लावली की फुंकायचे, हे तिच्या अंगात सुमारे साठ वर्षे मुरलेले. निखारा विझत आला की फुंकणी, जळण ओले निघाले की फुंकणी. आणि प्रत्येक फुंकरीआधी घ्यावा लागणारा दीर्घ श्वास, तोही त्याच धुरातला. ज्या क्रियेने तिची छाती खराब केली तिच्या नेमकी उलट क्रिया आता तिला करायची होती, तितकीच नळी तोंडाला लावून. एवढी साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, आणि 'पंप' या शब्दातून ती कळण्याची सोय नव्हती.

पुढे तिला अंबाजोगाईला नेले. १९७४ साली तेथे सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्याचे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. मला त्या थोरवीपेक्षा तेथली एक मध्यमवयीन परिचारिका जास्त लक्षात राहिली. तिने मावशीला समोर बसवले आणि म्हणाली, "आधी सगळा दम बाहेर सोडा. हं. आता बशीतला कढत चहा भुरकता ना, तसं, पण आवाज न करता, हळू. भुरकायला लागलात की दाबा." भुरकणे! मराठीच्या प्राध्यापकाला तीस वर्षांत जे क्रियापद सुचले नसते ते त्या बाईने एका वाक्यात काढून दिले. मावशी तिसऱ्या खेपेला जमली. मग रागावून म्हणाली, "मंग हे आधी कामून सांगितलं न्हाई? म्या आपली फुकायलेय त्याच्यात."

या वाटेने औषध देण्याचा एवढा आग्रह का, हे साल्ब्युटामॉल या साध्या औषधावरून समजते. त्याची नेहमीची गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची. पंपाचा एक झुरका शंभर मायक्रोग्रॅमचा. म्हणजे चार मिलिग्रॅमची एक गोळी बरोबर चाळीस झुरके. गोळी पोटातून रक्तात जाते, साऱ्या अंगभर फिरते, हात थरथरवते, छाती धडधडवते आणि थोडीशी फुप्फुसात पोचते. झुरका थेट त्या जागी. अर्थात, पद्धत बिनचूक असली तरी साध्या पंपातले साधारण दहा ते वीस टक्के औषधच फुप्फुसात उतरते. कारण प्रश्न कणाच्या आकाराचा आहे. पाच मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब घशाच्या वळणावर आपटतात. एकाहून पुष्कळ लहान असले तर आत जाऊन पुन्हा उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. मधला जो एक ते पाच मायक्रॉनचा पट्टा आहे तो खोलवर जाऊन बसतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. नाकाचे गणित वेगळे: दहा मायक्रॉनहून मोठे थेंब बहुतेक नाकातच अडकतात, म्हणून नाकात मारायचे फवारे मुद्दाम मोठ्या थेंबांचे करतात.

फुप्फुस या आकाराखेरीज दुसरे काही विचारत नाही. चुलीच्या धुराचे कणही बारीक असतात आणि म्हणूनच तितके खोल जातात. फवारणीच्या पंपातून उडणाऱ्या तुषारांपैकी जे सर्वांत बारीक, तेही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विष त्यांच्या कातडीतून गेले तसे श्वासातूनही गेले. आमच्याकडेही कपाशीच आहे, आणि तोंडाला बांधायला उपरण्याचे टोक. एकाच नावाच्या दोन वस्तू, एक पाठीवर आणि एक खिशात, एकाच वाटेने माणसाच्या आत शिरतात.

औषध श्वासातून घेणे आमच्या लोकांना नवे आहे, असे कोणी समजू नये. बाळ-बाळंतिणीला ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी होती. सर्दी झाली की तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी नाकाशी धरायची. वाफारा तर अजून घरोघर चालतो. आजी रात्री नाकात कोमट तुपाचे दोन थेंब सोडायची, त्याला वैद्य नस्य म्हणतात आणि नाकाला मस्तकाचे दार मानतात. चरकसंहितेत औषधी धूम्रपानाचा विधी आहे. यातल्या कशाने काय बरे होते हा वेगळा प्रश्न. कोवळ्या बाळाच्या फुप्फुसाला कोणताच धूर मानवत नाही हे मात्र धुरीची आठवण काढून गहिवरणाऱ्यांना सांगून ठेवलेले बरे.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट धोतऱ्याची. अंबाजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटरवर परळी. तेथला वैजनाथ, म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा स्वामी. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक (झारखंडातल्या देवघरचे लोक हे मान्य करणार नाहीत, पण तो वाद परळीकरांपुढे काढू नये). शंकराला धोतऱ्याचे फूल आणि काटेरी फळ वाहतात, आणि ते झाड आमच्याकडे उकिरड्यावर, गावकुसाला, कोठेही उगवते. हा धोतरा ओढला तर दमेकऱ्याला उतार पडतो, ही माहिती १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला पोचली. तेथून युरोपात धोतऱ्याच्या जातीच्या वनस्पतींच्या सिगारेटी आणि जाळायच्या पुडी यांचा मोठा व्यापार उभा राहिला. लहानपणापासून दम्याने पिडलेला मार्सेल प्रूस्त बंद खोलीत अशाच पुडीचा धूर करून बसत असे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या लांबलचक वाक्यांची चर्चा करताना हेही ध्यानात ठेवावे की ती लिहिणाऱ्याचा स्वतःचा श्वास फार आखूड होता. पुढे धोतऱ्यातल्या अॅट्रोपिनवरून रसायनशास्त्रज्ञांनी इप्राट्रोपियम बनवले, आणि त्याच्याच कुळातले टायोट्रोपियम आज सी.ओ.पी.डी.च्या रुग्णाला रोज देतात. मावशीच्या दोन पंपांपैकी एकात हेच आहे. तिच्या उकिरड्यावरचे झाड मद्रास, एडिंबरो, जर्मनी असा फेरा करून तिच्या कोनाड्यात आले. (उकिरड्यावरचा धोतरा मात्र विषारी आहे, त्याची चिलीम भरून पाहण्याचा मोह कोणी करू नये.)

पंपाचा जन्मही एका घरगुती वाक्यातून झाला असे सांगतात. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने १९५५ साली वडिलांना विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीत का भरता येत नाही? १९५६ मध्ये पहिला मोजून औषध सोडणारा पंप बाजारात आला. आज साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड यांचे पंप भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. बनवणाऱ्या भारतीय कंपन्याही पुष्कळ. आणि तरीही, जगातल्या दमेकऱ्यांपैकी अंदाजे तेरा टक्के भारतात असताना दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक येथे होतात, असे जागतिक रोगभाराचे अभ्यास सांगतात. औषध आहे आणि ते पोचत नाही. अंतर कधी दुकानापर्यंतचे असते. कधी ते ओठांपासून फुप्फुसापर्यंतचे, वीतभराचे असते.

मधे भीतीही आहे. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचे औषध', 'मुलीला पंप आहे हे सोयरिकीत कळता कामा नये'. या समजुतींना अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पंप जर कायम शेवटच्या टप्प्यावरच, गोळ्या-सलाईन थकल्यावरच लिहून दिला जात असेल, तर लोकांनी त्याचा आणि शेवटाचा संबंध जोडला यात त्यांचे तर्कशास्त्र कोठे चुकले? मृगाच्या सुमारास मराठवाड्यातून कितीतरी दमेकरी हैदराबादला जातात, तेथे बथिनी कुटुंब जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळायला देते. त्या औषधाच्या गुणाविषयी माझा काडीचाही विश्वास नाही. परंतु रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेथे कोणी विचारत नाही की तू श्वास नीट ओढलास का. गिळायचे आणि परत यायचे.

एका वर्षी मी एम.ए.च्या वर्गाला अनुवादाचा सराव म्हणून पंपाबरोबर येणारे इंग्रजी माहितीपत्रक दिले. ललित उताऱ्यावर तुटून पडणारी मुले या तळहाताएवढ्या कागदापुढे अडखळली. पहिल्या खेपेला आले ते असे: 'दीर्घ श्वसनक्रिया करून औषधाचे ग्रहण करावे.' व्याकरण निर्दोष. मावशीपुढे वाचले असते तर तिने हात जोडले असते. मग क्रियापदांवर भांडण लागले. 'ओढा' म्हणावे तर एका विद्यार्थिनीची हरकत, की बायका म्हणतील आम्ही काय बिडी ओढतो? माजलगावकडचा एक मुलगा म्हणाला, पुरुषांना मात्र 'ओढा'च कळेल, चिलीम ओढणाऱ्याइतका सावकाश दम दुसरा कोण घेतो? 'श्वास घ्या' हे तर आपण प्रत्येक क्षणी करतोच; त्यातून काही वेगळे करायचे आहे हे कळत नाही. शिवाय एक मोठी अडचण. डबीच्या पंपाला श्वास सावकाश लागतो, तर कॅप्सूल फोडून पूड ओढायच्या रोटाहेलरसारख्या साधनाला जोराचा आणि झपाट्याचा. आमच्याकडे दोन्हींना पंपच म्हणतात. दुकानात एक मिळाला नाही तर दुसरा देतात, आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण तर डॉक्टरांना नित्याचे आहेत. कॅप्सूल गिळायची असते, हे तिच्या आकारानेच शिकवलेले असते.

त्या भांडणात मी रेचक, पूरक, कुंभक हे शब्द फळ्यावर लिहिले. दम सोडा, भरा, धरा: माहितीपत्रकातल्या तीन पायऱ्या त्याच क्रमाने. प्राणायामाचे हे शब्द योगाचे वर्णन करणाऱ्या मराठी ग्रंथांतून आणि कीर्तनांतून शतकानुशतके खेड्यापाड्यांत फिरत आहेत. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाची पासोडी लिहिली तेथे तरी ते परके नसावेत. (यावरून आपल्या पूर्वजांना इन्हेलर ठाऊक होता असा निष्कर्ष काढणाऱ्यांना दुरूनच नमस्कार.) वर्गाला ते पटले नाही, आणि वर्गाचेच बरोबर होते, शब्द ऐकलेला असणे वेगळे आणि तो छातीला ठाऊक असणे वेगळे. शेवटी, जिचे आई-वडील दरवर्षी कोयता घेऊन जातात अशा एका मुलीने लिहिले: 'आधी फुंकणीत फुंकता तसा सगळा दम बाहेर सोडा, पण पंपात नाही. मग पंप ओठांत धरा. चहा भुरकता तसे हळू आत ओढू लागा आणि लगेच दाबा. आता पाण्यात बुडी मारल्यासारखा दम धरा, दहा मोजा.' मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. 'भुरकता' हा शब्द तिला कोणी सांगितला नव्हता.

सुईवाचून औषध ही कल्पना मोहक आहे आणि महाराष्ट्राने तिचा पाठपुरावाही केला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूसाठी नाकात मारायची लस २०१० मध्ये आणली. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गोवराची लस फवाऱ्याने श्वासावाटे देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग झाला; सुमारे दोन हजार तान्ही मुले त्यात होती. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा सुई टोचलेल्या मुलांपैकी ९४.६ टक्के मुलांत प्रतिकारशक्तीची खूण दिसली, फवाऱ्याच्या मुलांत ८५.४ टक्के. सुई जिंकली. हैदराबादच्या भारत बायोटेकची कोरोनावरची नाकातली लस २६ जानेवारी २०२३ रोजी आली, तेव्हा साथीचा भर ओसरला होता. श्वासावाटे घ्यायच्या इन्शुलिनला भारतात डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली, पण ते दमा किंवा सी.ओ.पी.डी. असलेल्या माणसाला देता येत नाही. मावशीला मधुमेहही आहे. तिच्यासाठी ती वाट चुलीने आधीच बंद केली.

मावशीच्या घरी आता कोनाड्यात एक प्लास्टिकची पाण्याची बाटली आहे, अर्ध्या लिटरची. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक आहे. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ ज्यांना साधत नाही त्यांच्यासाठी मधे एक पोकळी ठेवतात, तिला स्पेसर म्हणतात. औषध आधी त्यात थांबते, मग माणूस आपल्या सवडीने ओढतो. विकतच्या स्पेसरऐवजी अशी बाटली मुलांच्या दम्यात तितकेच काम देते, हे केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले होते. त्याच परिचारिकेने तारेचे वेटोळे तापवून भोक पाडून दिले.

बाटली खरे तर मावशीच्या सुनेसाठी मागितली होती. वहिनीला दमा आहे, पस्तिशीच्या आतबाहेर वय, आणि ती दरवर्षी दादाबरोबर तोडीला जाते. गेल्या दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, ज्वारीचे पोते, कोंबड्या. वहिनीने बाटली गोधडीत गुंडाळली आणि पिशवीतून दोन पंप काढून दाखवले. एका पंपात १२० झुरके. सकाळी दोन, रात्री दोन. मावशीने बोटांवर मोजले, आम्हाला विचारले नाही: एक पंप एक महिना, दोन पंप दोन महिने, हंगाम पाच महिन्यांचा. उचल मुकादमाकडून घेऊन झाली होती आणि बरीचशी खर्चही झाली होती. "संक्रांतीपतूर पुरतंय," मावशी म्हणाली आणि पाचटात ठेवू नको, उन्हात ठेवू नको असे दोनदा बजावून आपला स्वतःचा एक नवा पंप तिच्या पिशवीत टाकू लागली. वहिनीने तो परत काढून कोनाड्यात ठेवला. तो वेगळ्या औषधाचा होता.